सखुबाईचा टाक

देव्हाऱ्यामागची तांब्याची डबी मनुबाईने उघडली, आत बोट फिरवलं, मग डबी उपडी करून तिच्या बुडावर दोन चापट्या मारल्या. लाल फडक्याशिवाय काही पडलं नाही.

"प्रज्योत," तिने हाक मारली, "तुझी आयस कुठं हाय?"

प्रज्योतच्या आईला, सखुबाईला, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी घरातल्या एकालाही हा प्रश्न वेडगळ वाटला नाही. डबीत असायचा तो तिचा टाक, अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. ती बाई कोणीही असू शकली असती, पण तिच्या नवऱ्याने, बुधाजीने, सोनारासमोर बसून तिच्या नाकात नथ करवून घेतली होती, म्हणून ती सखुबाई. दसऱ्याला आणि चैत्रात तेवढा टाक डबीबाहेर यायचा. चैत्रात तो बाकीच्या देवांबरोबर कार्ल्याला, एकविरेच्या भेटीला जायचा. उद्या पहाटे निघायचं होतं. दारात टेम्पो येऊन उभा होता आणि माणगावची भावकी मांडवात बसून चहाची वाट बघत होती.

प्रज्योत पालखीच्या दांड्याला गोंडे बांधत होता, तो तसाच आत आला. "दसऱ्याला तूच घासून ठेवलास ना, आते?"

"ठेवला. फडक्यात गुंडालून ठेवला. मना डोल्यानं कमी दिसतं, हात शाबूत हायेत माजे."

"मग?"

"मग काय मग? दसऱ्यापासून या घरात बाहेरचं कोन आयलं-गेलं, ते आठव."

आठवायला वेळ लागला नाही. चुलीपुढे बसलेल्या त्याच्या बायकोने, हेमालीने, चहाचं पातेलं उतरवलं आणि मागे न वळताच नाव घेतलं. "वन्सं."

प्रज्योतला वाटलं होतं, ते नाव कोणीतरी घ्यावं आणि ते आपण नसावं. थोरली बहीण होती त्याची. लहानपणी तिने त्याला पाठीवर बांधून बोंबील वाळत घातले होते. पण त्या केसरने खाडीपल्याड कोर्लईच्या इनासशी लग्न केलं, त्यांच्या देवळात जाऊन बाप्तिस्मा घेतला, आणि पंचांनी तिला वाळीत टाकलं. पंचांचं सोडा, बुधाजी स्वतः बैठकीत उभा राहून म्हणाला होता, "मना पोरगी न्हाय." सखुबाई गेली तेव्हा केसर पुलापर्यंत येऊन परत गेली. गेलेल्या बाईचा टाक घरच्या लेकीने घासायचा, अशी या घराची रीत. ती रीत तेव्हापासून मनुबाई चालवत होती, म्हणजे बुधाजीची बहीण. तीही घरची लेकच की.

मग माघात बाबांच्या पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं. साखर आधीपासून होतीच. अलिबागच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि रोज पट्टी बदलायला सांगितली. पगारी नर्स आली ती आठवड्याच्या आत गेली. मग प्रज्योतने करून बघितलं. उधाणात होडी हाकणारा गडी, पट्टीचा शेवटचा वेढा सुटला तसा उठून परसात पळाला. हेमाली तर उंबऱ्यावरच ओकली. माजघरात देव्हाऱ्याखाली असलेली बाबांची खाट वासापायी मागच्या पडवीत, जाळ्यांशेजारी गेली. आणि एका सकाळी केसर मागच्या दारात उभी राहिली, हातात पिशवी. सिस्टरांच्या दवाखान्यात तिने बरीच वर्षं काढली होती. "पानी तापव," एवढंच ती हेमालीला म्हणाली.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. कोणी नको असंही म्हटलं नाही, कारण नको म्हणणाऱ्याला पट्टी करावी लागली असती. हे प्रज्योतला पुरतं कळत होतं, आणि त्यामुळेच त्याला तिचा जास्त संशय यायचा. तिचा काही डाव सापडला असता तर त्याला रात्री बरी झोप लागली असती.

डाव शोधायचं काम तेव्हापासून सगळं घर करत होतं. मनुबाईचं म्हणणं, त्यांचा ईस्टरच्या आधीचा उपास चाललाय, त्यात पुण्य जमवतेय, आणि दादूस मरायला टेकला की पाणी शिंपडून त्याला कोर्लईला पुरायला नेईल. माणगावचा चुलतभाऊ बाळाजी ट्रकांच्या धंद्यातला, त्याला पाणीबिणी दिसत नव्हतं, जमीन दिसत होती. "नागावचे होमस्टेवाले हितपर्यंत आयलेत," तो म्हणायचा. "लेकीचा हिस्सा असतो कायद्यात. म्हातारा आंगठा उठवायच्या लायकीचा हाय तोवर येनार ती." हेमालीचा हिशेब साधा होता. सून घरात असताना नणंद पूल ओलांडून येते आणि सासऱ्याचं करते, हे मासळीबाजारात सगळ्यांना दिसावं, एवढ्यासाठीच ती येते.

"नजर ठेव तिच्यावर," मनुबाईने हेमालीला बजावलं होतं. हेमालीने ठेवली. एकदा केसरची पिशवीही उपसून बघितली. पट्टीचे गुंडाळे, साबण, मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली. ती बाटली घरात फार चघळली गेली. "आपल्या घरचं पानी चालत न्हाय तिला आता," मनुबाई म्हणाली. इतक्या दिवसांत केसरला कोणी पाणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

"येईलच आता," प्रज्योत म्हणाला. "आली की विचारू."

"विचारायचं काय त्यात?" मनुबाई म्हणाली. "काढून घ्यायचं."

*

साळावचा पूल केसर चालत ओलांडायची. रिक्षा मिळत नव्हती असं नाही. पण राग उतरायला तिला पुलाची लांबी लागायची, आणि रिक्षा फार लवकर पोचवायची.

त्या सकाळी इनास जाळं शिवता शिवता म्हणाला होता, "वाळीत त्यांनी टाकायचं आणि वास आपन घ्यायचा. बरं हाय." तो हसत बोलला, पण खोटं बोलला नव्हता. हात काम करत राहिले की माया मागून येईल, असं केसरला आधी वाटलं होतं. हात करत होते. माया अजून आली नव्हती. आल्यासारखी वाटायची, आणि बाबा काहीतरी बोलायचे की परत जायची.

मागच्या दाराशी आज सगळे उभे होते. ओट्यावर तांब्याची डबी उपडी पडली होती. ती डबी बघितली आणि कोणी तोंड उघडायच्या आत केसरला सगळं समजलं.

टाक कुठे होता ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. अंग पुसताना बाबांची उजवी मूठ काही केल्या उघडेना. तिने एकेक बोट सोडवलं, तर आत आई. खाट देव्हाऱ्याखाली होती तेव्हा म्हाताऱ्याने कधीतरी हात लांबवून डबीतून काढून घेतली असणार. मूठ रिकामी झाली तसा तो लहान पोरासारखा रडायला लागला. "सखूला नको नेव. सिस्टर, पाया परतो तुझ्या. कोनाला सांगू नको." तो तिला सिस्टरच म्हणायचा. दवाखान्यातून पाठवलेली कोणी बाई, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. "सांगत न्हाय," केसर म्हणाली. तिने टाक कोमट पाण्यात धुतला, पुसला आणि परत त्याच्या मुठीत ठेवला. तेव्हापासून रोज ती हात धुवायची तशी आईलाही धुवायची.

एकदा मूठ मिटता मिटता तो म्हणाला होता, "मना एक पोरगी होती. मेली." त्या दिवशी केसरने पट्टी आवळून बांधली. म्हातारा कळवळला. तिने लगेच सोडून सैल बांधली, पण घरी जाऊन जेवण गेलं नाही. त्या रविवारी देवळात गुडघे टेकले तेव्हा तिने कबूल केलं, की मला त्याने ओळखायला हवंय, फुकट करायची माझी तयारी नाही. ते कबूल केल्यावरही तिला हवंच होतं.

"टाक दे," मनुबाई म्हणाली.

"मी घेतला न्हाय, आते."

"मग कोनी घेतला?"

बाळाजी पुढे आला. तालुक्याच्या कोर्टात त्याच्या ट्रकांचे दावे चालायचे, प्रश्न कसा विचारायचा ते त्याला माहीत होतं. "घेतला न्हाय, कबूल. कुठं हाय ते माहीत हाय का?"

खोटं बोलता आलं असतं. केसरने खाली बघितलं. "माहीत हाय."

मांडवातल्या बायाही उठून दाराशी आल्या. "सांग!" मनुबाई ओरडली.

"सांगत न्हाय. शब्द दिलाय."

"कोनाला?"

पडवीत, त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर, बाबांची खाट होती. एका वाक्याचं काम होतं. बघा त्यांच्या मुठीत, असं म्हटलं की ती सुटली असती. मग मनुबाईने ती मूठ उघडली असती, पुवाचा विटाळ म्हणून टाक गोमूत्रात बुडवला असता आणि उद्या पालखीत घालून कार्ल्याला नेला असता. म्हातारा इथे रिकाम्या हाताने रडत पडला असता. रिकामी मूठ त्याचं काय करते ते केसरने बघितलं होतं, बाकी कोणी बघितलं नव्हतं.

"ताय," प्रज्योत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुला पायजे तरी काय? एकदा सांगून टाक."

"काय न्हाय."

"काय न्हाय," बाळाजी हसला. "कोर्लईवरनं चालत यायचं, पू पुसायचा, आनि पायजे काय न्हाय."

"मग येतंस कशाला?" प्रज्योतने विचारलं. "पट्टी कोन करनार ते सांगू नको. तू का येतंस?"

केसरने पिशवी खाली ठेवली. "खरं सांगू? मना बाबांचा राग हाय अजून. आईच्या मातीला येऊ दिलं न्हाय मना. रोज पुलावर वाटतं, फिरावं मागं. ज्यानं आपलं वाईट केलं त्याचं कर, असं येशूनं सांगलंय, म्हनून येते. त्यानं सांगलं नसतं तर मी आली नसते."

तिच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं होतं ते. त्याने काहीच फायदा झाला नाही.

"आयकलंत?" मनुबाई भावकीकडे वळली. "तिच्याच तोंडानं आयकलंत ना? सांगून पाठवलंय हिला!"

प्रज्योतने वाट अडवल्यासारखा हात दाराच्या चौकटीवर ठेवला. "टाक आनून दे, न्हायतर या दारात परत येऊ नको."

"आजची पट्टी तेवढी करू दे."

"न्हाय."

केसरने पिशवी उचलली आणि सगळ्यांना सोडून हेमालीच्या हातात दिली. तिच्याविरुद्ध सगळ्यात आधी तोंड उघडलेल्या हेमालीच्या. "पानी कोमट घे, कढत नको. पट्टी चिकटली तर वढू नको, भिजव. पाय झाला की अंग पूस." तिने आवाज खाली आणला. "उजवा हात शेवटी धू. तूच धू. दुसऱ्या कोनाला करू देव नको."

*

हेमालीला त्या शेवटच्या वाक्यात काहीतरी खोट दिसत होती. उजवाच का? मीच का? पाणी तापेपर्यंत तिने सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. आपल्याला कशात तरी अडकवायचा बेत दिसत होता. पण कशात, ते कळत नव्हतं.

नाकाला पदर बांधून ती पडवीत गेली. पट्टी भिजवली, वाट बघितली, सोडली. दोनदा उठून दाराशी जाऊन श्वास घेतला. तिसऱ्यांदा उठली नाही. जखम तिला वाटली होती तेवढी वाईट राहिली नव्हती. कडेने गुलाबी मांस भरत आलं होतं. इतके दिवस तिने बाईवर नजर ठेवली आणि पायाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"सिस्टर कुठं गेली?" बुधाजीने विचारलं.

"आज येनार न्हाय. मी हाय, हेमाली. तुमची सून."

"सिस्टरला बोलव."

तिने अंग पुसलं, डावा हात धुतला. मग उजवा धरला. मूठ आवळलेली. तिने बोटं सोडवायला घेतली तसा म्हातारा खाटेवर आक्रसला. "नको. नको नेव. सांगू नको कोनाला."

मूठ उघडली. हेमालीने टाक बघितला आणि तिचे हात थांबले.

पहिला विचार आला तो हाक मारायचा. आतेऽ, मिळाला! एवढंच ओरडलं असतं तरी सगळं घर धावत आलं असतं. भावकीसमोर तिचं नाव झालं असतं. पुढच्या कितीतरी चैत्रांत ही गोष्ट सांगितली गेली असती, हेमालीने टाक कसा शोधला त्याची. तोंड उघडलंही होतं तिने.

मग तिला दिसलं की टाक चकचकीत आहे. चांदी किती लवकर काळवंडते ते तिला सांगायला नको होतं. पाच देव घासून सकाळपासून तिचीच बोटं चिंचेने आंबली होती. महिनाभर घामात, पुवाच्या वासात राहिलेल्या टाकावर डाग नव्हता. नथीच्या बारीक खळग्यातसुद्धा मळ नव्हता. ही चांदी कोणीतरी रोज धूत होतं.

म्हणजे ती आज दारात उभी राहून चोर ठरली तेव्हा तिला माहीत होतं. बाळाजीने विचारलं तेव्हाही. प्रज्योतने चौकटीवर हात ठेवला तेव्हाही.

"सिस्टर धुते तिला," बुधाजी रडवेला होऊन म्हणाला. "मग परत देते. तू धू, नि दे."

हेमालीला राग आला. केसरचाच आला. एवढी मोठी गोष्ट आपल्या पदरात टाकून ही बाई निघून गेली, विचारलंसुद्धा नाही. माझ्यावर कसला भरवसा ठेवला हिने? मी हिची पिशवी उपसली, मी हिला साधं पाणी विचारलं नाही. ते पाणी तिला आता आठवलं, आणि आठवल्यावर ती खाटेच्या कडेवर बसली आणि नाकाचा पदर सोडून त्यानेच डोळे पुसले.

"काय करतंस गो एवढा येल?" मनुबाई पडवीच्या दाराशी आली होती. "मेली हाय का आत?"

"हात धुतेय," हेमाली म्हणाली. तिने टाक पाण्यातून काढला, म्हाताऱ्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

*

दुपारी मांडवात परत बैठक बसली. टाकाशिवाय पालखी हलवायची की नाही, यावर दोन तट पडले होते. बाळाजीचं मत होतं, सगळ्यांनी मिळून कोर्लईला जाऊ आणि इनासच्या घराची झडती घेऊ. दोन तरुण पोरं चपला घालून तयारही झाली. प्रज्योत मान खाली घालून बसला होता. हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता.

हेमाली हात पुसत बाहेर आली. "कोनी कुठं जायचं न्हाय. टाक माझ्या हातनं गेला."

मनुबाईला आधी ऐकू आलं नाही, की आलं ते पटलं नाही. "काय म्हनालीस?"

"पोरीच्या नर्सिंगचा निकाल होता, त्या दिवशी काढलेला. पाया पडायला. काळा पडला होता म्हनून मोरीवर नेऊन घासला. हातातून सटकला नि पान्याबरोबर गेला. मोरीचं पानी सरळ खाडीत जातं."

बाळाजीने डोळे बारीक केले. त्याला एवढ्यात पटणार नव्हतं. "आनि ती कोर्लईवाली? तिला कसं माहीत?"

"मीच सांगलं तिला. रडत होते, तिनं बघितलं. कोनाला सांगू नको म्हनून शब्द घेतला तिच्याकडनं."

खोटं इतकं चपखल बसलं की तिची तिलाच भीती वाटली. केसरचं सकाळचं बोलणं प्रत्येकाने मनात घोळवून बघितलं आणि ते बरोबर जुळत होतं. घेतला नाही. माहीत आहे. शब्द दिलाय. चपला घातलेल्या पोरांनी चपला काढल्या.

मनुबाईने मात्र तोंडाचा पट्टा सोडला. सखूने तुला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिला तू गटारात घातलंस. स्वतः घालवलंस आणि सकाळी आधी तिचं नाव घेतलंस, कसलं काळीज तुझं. हे शेवटचं ऐकताना हेमालीने मान खाली घातली, कारण तेवढं खरं होतं. "देवीपुढं तू यायचं न्हाय या वर्षी," मनुबाई शेवटी म्हणाली. "हितंच मर, म्हाताऱ्याचं कर."

लेकीला, प्रणालीला, नर्सिंगला जागा मिळाली तर एकविरेला हिरवं लुगडं नेसवीन, असा नवस होता हेमालीचा. लुगडं दिवाळीपासून कपाटात होतं. देवीच्या अंगावर ते आपल्या हाताने घालायचं, एवढंच तिने वर्षभर डोळ्यांपुढे धरलं होतं. ती आत गेली, लुगडं काढलं आणि प्रज्योतच्या हातात दिलं. "तुमी द्या. माझं नाव घ्या."

प्रज्योत लुगडं धरून उभा राहिला. सगळे पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, "तायनं तुला काय सांगलं मघाशी? पिशवी देताना?"

"पानी कोमट घे म्हनाली."

"आनि काय दिलं तिनं तुला?"

"काय न्हाय."

सकाळपासून हे उत्तर त्याने दुसऱ्यांदा ऐकलं. बायकोच्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. वीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून काही लपवलं तर ते त्याला नाकाने कळायचं, आणि आत्ता कळत होतं. "तुला काय पायजे, हेमाली?"

"गाडी काढा," ती म्हणाली. "पुलापल्याड जा आनि तायला सांगा, उद्या या म्हनून. माझ्याकडे तिचा नंबर न्हाय."

नंबर घरात कोणाकडेच नव्हता. प्रज्योतने थोडा वेळ लुगडं या हातातून त्या हातात केलं, मग ते खांद्यावर टाकून गाडीची चावी शोधायला गेला.

*

पहाटे टेम्पो गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे जमले. हेमालीने त्यांना हाकललं, पाणी तापत ठेवलं आणि मागचं दार उघडून ठेवलं.

केसर आली ती दारातच थांबली. आत यायचं की नाही, हे तिला अजून ठरवता आलेलं दिसत नव्हतं. हेमालीने चूल सोडली, पितळी पेल्यात माठातलं पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. केसर पेल्याकडे बघत राहिली. मग तिने पदर सावरला, पेला घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली.

"प्रज्योतनं सांगलं काल," ती म्हणाली. "तुझ्या हातनं गेला म्हनून."

"व्हय."

"असं कशाला बोललीस गो?"

"तुमी कशाला न्हाय बोललात?"

केसरने पेला विसळून पालथा घातला आणि दोघी पडवीत गेल्या. बुधाजीने तिला बघितलं तसा त्याचा चेहरा उजळला. "आयलीस, सिस्टर! काल न्हाय आयलीस." मग त्याची नजर हेमालीवर गेली आणि त्याने मूठ गोधडीखाली ओढली. "ही कोन?"

"तुमची सून हाय, बाबा."

"चांगली हाय का?"

केसरने पट्टी भिजवायला घेतली. "चांगली हाय."

"माजी पोरगी पन चांगली होती," बुधाजी छताकडे बघत म्हणाला. "मी हाकलली तिला."

केसरचा हात पट्टीवर थांबला. हेमालीला वाटलं, आता ही सांगेल. सांगायलाच हवं होतं. एवढी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. केसरने मात्र पट्टी सोडवली, पाय धुतला, कोरडा केला, नवी पट्टी बांधली. सैल बांधली, बोट घालून बघितली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसंच गळत राहिलं.

हेमालीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. टेम्पो घाटाच्या पायथ्याशी थांबला होता. मागे ढोलकी वाजत होती आणि मनुबाई तिच्या वरताण ओरडत होती.

"आयली का गो ती?"

"आयली."

"काय करतंय?"

हेमालीने बघितलं. केसर खाटेशी गुडघे टेकून बसली होती आणि बापाच्या उजव्या मुठीतलं एकेक बोट सोडवत होती. या वेळी म्हातारा घाबरला नाही. त्याने आपणच हात पुढे केला. केसरने आईला पाण्यात बुडवलं आणि नथीवरून अंगठा फिरवला.

"बाबांचा हात धुतंय," हेमाली म्हणाली.

"तिला एकटी सोडू नको हां. नजर ठेव."

"ठेवलीय, आते. हलत न्हाय हितनं."

तिने फोन बंद केला, दोरीवरचा सुका टॉवेल ओढला आणि केसरच्या पुढे धरला.